धन्वंतरीचें म्हणविलेलें लसवचन

देवीची लस आमच्या पूर्वजांस ठाऊक होती व तिला धन्वंतरीच्या वचनाचा आधार आहे, असें अभिमानानें सांगण्यांत येतें. पोथ्या जमविणाऱ्यांनीं या वचनाचा उगम अवश्य पाहावा.

मुंबईस पहिली लस १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. लोकांस ती रुचेना. देवी येणें म्हणजे शीतलेचा संचार; त्यांत शस्त्र कोणीं लावावें? शिवाय लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडांत जावयाची, तेथें जातीचा विटाळ आला. आणि टोचविणारें सरकार परकें.

मद्रासेंत फ्रान्सिस व्हाइट एलिस या संस्कृतज्ञ अधिकाऱ्यानें यावर युक्ति काढली. त्यानें लसीवर एक लहानसें संस्कृत काव्य रचलें, जुन्या कागदावर उतरविलें व तें सांपडलें असें सांगितलें, असें समकालीन इंग्रजांनींच नमूद केलें आहे. १८१९ सालीं 'मद्रास कुरिअर' पत्रांत 'शाक्तेयग्रंथ' या नांवाखालीं धन्वंतरीचें म्हणून एक वचन छापलें गेलें. गाईच्या आचळावरील किंवा मनुष्याच्या दंडावरील फोडांतील लस शस्त्राच्या टोकावर घेऊन टोचावी, असा त्यांत विधि आहे. तेंही बनावटच होय, असें डॉमिनिक वुजास्टिक यांनीं १९८७ सालीं साधार दाखविलें. मौज ही कीं, 'एझूर वेदम्' या बनावट वेदाचें बिंग फोडणारा विद्वान् हाच एलिस!

चरक-सुश्रुतांत हा विधि नाहीं. माधवनिदानांत मसूरिकेचें निदान आहे, भावप्रकाशांत शीतलास्तोत्र आहे. लस कोठेंच नाहीं. तथापि ब्राह्मणांची समजूत पाडण्यास रचलेलें वचन पुढें राष्ट्राभिमानाचा पुरावा झालें. १९०५ सालीं मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड अँप्टहिल यांनींही प्राचीन हिंदूंस लस ठाऊक असल्याचें भाषणांत सांगितलें. गव्हर्नरानेंच कबूल केल्यावर पोथी कोण मागतो?

ज्या गाईच्या पावित्र्यावर एलिसची भिस्त होती, तिच्याच नांवें विरोधही झाला. गांधीजींनीं १९१३ सालीं 'इंडियन ओपिनियन'मधील गुजराती लेखमालेंत लसीचा निषेध केला. ती घेणें त्यांस गोमांसभक्षणासारखें वाटे. १९३० सालीं साबरमतीच्या आश्रमांत देवीनें मुलें दगावलीं, ते व्यथित झाले, पण मत बदललें नाहीं. खोट्या वचनानें त्यांस जिंकतां आलें नसतें, आणि खऱ्या वचनानेंही बहुधा नाहींच.

'शाक्तेयग्रंथा'ची पोथी कोणा संग्राहकापाशीं असल्यास त्यांनीं तिची लिपि, कागद किंवा ताडपत्र, पत्रसंख्या व लेखनशक कळवावा.