खोड आणि पुडी

बडोद्याच्या जुन्या तटबंदीला चार दरवाजे. पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडी आणि पूर्वेस आमचे पाणीगेट. या चौकटीत व तिच्या आसपास गायकवाडी अमलात जे गाणेबजावणे नांदले, त्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. गवयांची चरित्रे झाली, बंदिशींची चर्चा झाली, बैठकींच्या आख्यायिका तर घरोघर सांगितल्या जातात. परंतु ज्या वाद्यांवर ठेका धरला गेला, ती जुनी झाल्यावर कोण उघडत असे, त्यांतले काय टाकले जाई आणि काय ठेवले जाई, हा विषय मात्र जवळजवळ बेवारस राहिला. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

मराठी राज्यव्यवहारात वाद्य ही खात्याची बाब होती. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत जामदारखाना, पीलखाना, तोफखाना यांच्या पंक्तीला नगारखाना आहे. बडोद्यात गवई, बीनकार, पखवाजी यांचा कारभार 'कलावंत कारखाना' पाहत असे. नासरखाँ यांच्यासारखे नामांकित पखवाजी याच दरबारचे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८८६ मध्ये, मौलाबक्षांच्या देखरेखीखाली गायनशाळा निघाली. तिचाच वंशविस्तार आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेत पाहावयास मिळतो. मौलाबक्षांचे चिरंजीव अलाउद्दीनखाँ यांना महाराजांनी पाश्चात्त्य संगीत शिकण्यासाठी लंडनला धाडले होते. दरबारात पाश्चात्त्य धर्तीचा बँडही होताच. म्हणजे पखवाज आणि बँडचा ड्रम हे दोघेही एकाच तिजोरीवर पोसले गेले.

'कारखाना' हा शब्द आमच्यासारख्या जन्मभर सरकारी दप्तरात वावरलेल्या माणसास विशेष आवडतो. दप्तराच्या हिशेबात सामानाचे दोन वर्ग असतात, एक टिकाऊ आणि दुसरे खर्ची. टेबल टिकाऊ, टाक-शाई खर्ची. हाच न्याय तबल्यास लावला, तर लाकडी खोड टिकाऊ सामानात जाईल आणि चामड्याची पुडी खर्ची सामानात. हिशेबनिसाची यात सोय आहे खरी. पण तबला बोलतो तो पुडीतून. खोड शंभर वर्षांचे असले तरी त्यावरची पुडी कालपरवाचीच असते. त्यामुळे आपल्याकडे जुने चर्मवाद्य म्हणजे अनेक वेळा नवे झालेले वाद्य होय. ते काचेच्या कपाटात ठेवून जपता येत नाही. चामडे सुकते, शाईच्या खपल्या निघतात, आणि मागे उरते ते नुसते खोड.

पुडीचे काम कसे चालते हे वाजविणाऱ्यांसही नेमके ठाऊक असतेच असे नाही. शेळीचे चामडे भिजवून त्याचे दोन पापुद्रे एकावर एक घेतात. खालचा अखंड राहतो. वरचा मध्यभागी कापून कडेपुरता ठेवतात, तीच चाट. दोन्ही गजऱ्यात विणून, खोडावर चढवून वादीने आवळतात. मग शाई. लोखंडाची बारीक पूड आणि शिजलेल्या भाताची खळ एकत्र मळून तिचा पातळ थर बोटाने गोलाकार लावावयाचा, गुळगुळीत दगडाने तो वाळेपर्यंत घासावयाचा, की पुढचा थर थोडा लहान. असे थरावर थर चढतात. घासण्याने शाईत डोळ्यांस जेमतेम दिसतील अशा बारीक भेगा पडतात, आणि त्या पडल्या पाहिजेत. एरव्ही ती दगडासारखी घट्ट बसेल आणि चामडे थरथरणार नाही.

जुने खोड उघडले की आत धूळ आणि किडीचा भुगा निघतो. तो झाडून, चीर असल्यास लाकडाचा भुसा व सरस भरून, काठ सपाट करून घ्यावा लागतो. काठ एके ठिकाणी जरी बसका राहिला, तरी पुडीचा सूर चारी बाजूंनी मिळत नाही, मग गठ्ठे कितीही ठोका. कसबी कारागीर नव्या लाकडापेक्षा जुने खोड पसंत करतात, कारण ते पुरते वाळलेले असते, पुढे आक्रसत नाही. पखवाजाची आणखी एक गोष्ट. त्याच्या डाव्या तोंडावर वादनाच्या वेळी ओली कणीक लावतात आणि वादन संपताच खरवडून काढतात. आळस केला तर चामडे ताठरते. शिवाय उंदरांना लयीची जाण नसली तरी कणकेची असते.

या शाईचे शास्त्र सांगितले सर सी. व्ही. रामन यांनी. १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' नियतकालिकात आणि पुढे १९३४ साली विस्ताराने त्यांनी दाखविले, की साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी मेळ खात नाहीत. मृदंग-तबल्याच्या पुडीवर मधोमध भार असल्यामुळे ते पूर्णांकाच्या प्रमाणात येतात आणि म्हणून तबला सुरात लागतो. रामन यांचे नाव राहिले ते उचितच झाले. पण हे ज्ञान त्यांच्यापूर्वी कित्येक पिढ्या ज्या अंगठ्यांत होते, त्यांची नावे कोठे आहेत?

ती नाहीत, आणि कारण उघड आहे. चामडे. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर नावाने ओळखले गेले. त्यांच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळा आणि लाकूड यांना विटाळ नव्हता. खंडेनवमीला तबल्यास हळदकुंकू वाहावयाचे आणि त्याची पुडी मढविणाऱ्यास ओटीखाली बसवावयाचे, यात पुष्कळ घरांना काही विसंगत वाटत नसे. हे तेच बडोदे, जेथे महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली राहावयास जागा मिळाली नव्हती. तेव्हा पुडी करणाऱ्याचे नाव ग्रंथात आले नाही याचे नवल कसले? दक्षिणेत टी. एम. कृष्णा यांनी मृदंग घडविणाऱ्या कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक २०२० मध्ये लिहिले. हे कारागीर बव्हंशी दलित ख्रिस्ती. तबल्याच्या बाबतीत मराठीत असे पुस्तक व्हावे, आणि ते बडोद्यातून व्हावे, अशी आमची इच्छा आहे.

आता पाश्चात्त्य ड्रमसंचाकडे वळू. बँडमध्ये मोठा ड्रम, छोटा ड्रम आणि झांजा वाजविण्यास वेगवेगळी माणसे लागत. पायाने वाजवावयाची खटकी सुधारून शिकागोच्या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये ती विकावयास काढली, आणि एका माणसाने बसून सर्व वाजविण्याचा संच रूढ होण्यास मोठा हातभार लागला. त्याचीही तोंडे तेव्हा वासराच्या कातड्याची असत आणि पावसाळ्यात तबल्यासारखीच उतरत. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत रेमो बेली प्रभृतींनी पॉलिएस्टरचा पातळ पडदा बाजारात आणला, आणि तेथील वादक चामड्यातून सुटला.

आमच्या परिचयातील एका वाद्यवृंदाचा असाच जुना संच काही वर्षांपूर्वी पाणीगेटात दुरुस्तीस निघाला होता. गणेशोत्सवात आणि लग्नसराईत वाजून दमलेला, पुढे माळ्यावर पडलेला. काम तबलेवाल्याकडे आले, आणि त्याने ते तबलेवाल्याच्याच रीतीने केले. स्क्रू मोजून वाटीत ठेवले, कड्यांवरील गंज तेलाच्या फडक्याने हलक्या हाताने काढला, पिंप काचेवर उपडे ठेवून आत दिवा लावला. काठाखालून जेथे उजेडाची फट दिसली, तेथेच पॉलिश कागद फिरविला. झांजा मात्र त्याने मालकास घासू दिल्या नाहीत. कासे चिंचेने वा रांगोळीने उजळते, पण त्याबरोबर वरची शिक्क्याची अक्षरे आणि खाचाही झिजतात; आमच्या घरच्या ताटांचे असेच झाले आहे.

मोठ्या ड्रमचे एक तोंड विलायती नव्हते. कोणीतरी स्थानिक चामडे लाकडी कडीवर ओले चढवून, पुडीच्या गजऱ्यासारखी वीण घालून बसविले होते. मालकाने नवे प्लास्टिकचे तोंड आणून ठेवले होते, ते बसविण्यात आले. जुने काढल्यावर तबलेवाला ती वीण बराच वेळ उलटसुलट करून पाहत होता. हात ओळखीचा आहे, एवढेच तो म्हणाला, आणि चामडे गुंडाळून त्याने आपल्या खोडांच्या फळीवर ठेवले.