भाता, ट्रक आणि पाव मैल

ड्रॅग शर्यतीचा इतिहास बहुधा सेकंदांत सांगितला जातो. आम्हांस तो एका भात्याचा इतिहास वाटतो. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये हवापंपाचे पेटंट घेतले. एकमेकांत अडकून उलटसुलट फिरणाऱ्या पाळ्यांचा हा ब्लोअर झोतभट्ट्यांना हवा पुरवी. पुढे १९३८ मध्ये जनरल मोटर्सने ७१ मालिकेची द्विघाती डिझेल इंजिने आणली. अशा इंजिनास स्वतः हवा ओढता येत नाही, म्हणून त्यांवर रूट्स पद्धतीचाच ब्लोअर बसला. ट्रक, बस, बोटी ओढणारी ही कष्टकरी इंजिने. युद्धोत्तर काळात शर्यतीच्या हौशी मंडळींनी त्यांचे ब्लोअर उतरवून आपल्या व्ही-८ इंजिनांवर चढविले आणि पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची, सरळ धाव गाजवली.

सुपरचार्जर शर्यतीचे अपत्य नव्हे, हे एवढ्यासाठी सांगायचे की १९९९ च्या फोर्ड एफ-१५० लाइटनिंग या पिकअपकडे अनेकजण विक्षिप्त लहर म्हणून पाहतात. ५.४ लिटरचे व्ही-८ इंजिन, ईटनचा सुपरचार्जर, ३६० अश्वशक्ती (२००१ पासून ३८०). पाव मैल चौदा सेकंदांच्या आसपास. आमच्या मते इथे ट्रकची उसनवारी ट्रककडे परतली, अर्थ पालटून गावी परतणाऱ्या शब्दासारखी. मात्र रिकाम्या हौद्याखालची मागची चाके हलकी असतात. जोर तिथेच पोचतो आणि टायर जागीच फिरतात. तेव्हा शर्यतवाले हौद्यात वजन ठेवतात.