खुंट्यांची फळी आणि दुसऱ्या दिवशीचा वॉकर

खुब्याचा सांधा बदललेल्या आजींना दुसऱ्या दिवशी सकाळीच वॉकर धरून उभं करतात, तेव्हा घरची माणसं आधी घाबरतात आणि मग चिडतात. टाके ओले आहेत, आणि चालवताय काय? त्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो जुना रुग्ण: कॉटच्या पायथ्याशी कप्पी, तिच्यावरून दोरी, दोरीला टांगलेलं वजन आणि तीन महिने आढ्याकडे बघत पडलेला एखादा काका. हाड मोडलं की पडून राहायचं, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की डॉक्टरांनी ‘उठा’ म्हटलं की त्यांचंच काहीतरी चुकतंय असं वाटतं.

या समजुतीची मुळं फार खोल आहेत. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या अवयवाला बांधायच्या पट्ट्या कशाच्या असाव्यात याची यादी आहे: मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन आणि वड यांच्या साली, शिवाय बांबू. खेड्यातल्या हाडवैद्याच्या हातातली कामटी याच घराण्यातली. मांडी, नडगी, कंबर किंवा पाठीचा कणा मोडला तर रुग्णाला फळीवर निजवायचं आणि हलता येऊ नये म्हणून पाच खुंट्या ठोकून त्याला जखडायचं. ग्रंथाचा व्यवहारीपणा तर थक्क करणारा आहे. पट्टी थंडीत सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी, समशीतोष्ण दिवसांत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी. सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही, आवळली तर सूज येते, ठणका लागतो, पू होतो. घट्ट पट्टीखाली बोटं काळीनिळी पडलेली मुलं आजही इस्पितळात येतात. हा इशारा तेवढा वाटेत कुठेतरी गळून गेला.

विश्रांतीचा सगळ्यात कट्टर पुरस्कर्ता मात्र निघाला लिव्हरपूलमध्ये, आणि तोही हाडवैद्याच्याच घरात. वेल्सच्या अँगलसी बेटावरचं थॉमस घराणं पिढ्यान्‌पिढ्या हाडं बसवत आलेलं. त्यातले इव्हान थॉमस लिव्हरपूलला आले आणि त्यांच्या दारात गोदी कामगारांची रीघ लागली. पदवी नसल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना कोर्टात खेचलं. इव्हान यांनी यावर काढलेला तोडगा अगदी आपल्याकडच्या बापासारखा होता: पाचही मुलांना त्यांनी डॉक्टर केलं.

त्यातले थोरले ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१). ठेंगणे, काटक, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, कपाळावर ओढलेली टोपी आणि ओठांत कायम सिगारेट. नेल्सन स्ट्रीटवरच्या घरीच दवाखाना आणि पट्ट्या-कड्या घडवण्याचा कारखाना. रविवारी गरिबांना फुकट तपासणी. दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती, हा त्यांचा मंत्र. त्यासाठी त्यांनी चामड्यात मढवलेलं लोखंडी कडं आणि दोन सळया यांचा सांगाडा बनवला. जांघेत कडं बसवायचं आणि पाय ताणून खालच्या टोकाला बांधायचा. तो ‘थॉमस स्प्लिंट’ अजून वापरात आहे.

त्यांच्या हयातीत मोठ्या इस्पितळांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याची किंमत कळली पहिल्या महायुद्धात. मांडीचं हाड गोळीने मोडलेले सैनिक वाटेतच दगावत. १०० पैकी ८० मरत, असा आकडा सांगतात. तो फुगवलेला असू शकतो. पण १९१७ मध्ये अरासच्या लढाईत आघाडीवरच स्प्लिंट बांधून मागे पाठवलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे १६ टक्के नोंदलं गेलं. स्प्लिंटचा प्रसार करणारे रॉबर्ट जोन्स हे थॉमस यांच्याच घरी राहून शिकले होते. रंटगेन यांनी १८९५ च्या अखेरीस क्ष-किरण शोधले आणि पुढच्या फेब्रुवारीत जोन्स यांनी लिव्हरपूलमध्येच एका मुलाच्या मनगटात रुतलेला छर्रा या किरणांनी शोधून काढला. एका चित्राला दोन तासांच्या वर लागले.

मग विश्रांतीच्या बाबतीतलं वारं फिरलं. जर्मनीत गेऱ्हार्ट क्युंट्शर यांनी १९३९ मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब खिळा ठोकला. ज्याला आपण ‘रॉड टाकला’ म्हणतो, तो हाच. जर्मनांच्या कैदेतून सुटलेले वैमानिक मांडीत लोखंड घेऊन चालत घरी आले, तेव्हा दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर एक्स-रे बघून चक्रावले. १९६२ मध्ये लँकेशायरमधल्या राइटिंग्टनला जॉन चार्नली यांनी खुब्यात धातूचा गोळा आणि पॉलिथीनची वाटी बसवली. त्याआधीच्या टेफ्लॉनच्या वाट्या झिजून गेल्या होत्या आणि कित्येक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. टेफ्लॉनचा कीस घातक आहे का, हे बघायला चार्नलींनी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला होता. आजींचा वॉकर या साऱ्या उठाठेवीतून आलेला आहे.

पाठीची कथा सगळ्यात उशिरा पालटली. मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबली जाते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं आणि पाठीच्या शस्त्रक्रियांना उधाण आलं. बाकीच्यांच्या वाट्याला फळी आणि पट्टा. १९९५ मध्ये हेलसिंकीत महापालिकेच्या नोकरांवर एक चाचणी झाली. कंबर धरलेल्या काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिले, उरलेल्यांना सांगितलं, झेपेल तेवढी रोजची कामं करा. लवकर बरे झाले ते हे तिसरे. सर्वांत मागे राहिले ते झोपून राहिलेले.

म्हणून आज कंबर धरली म्हणून कुणी डॉक्टरांकडे गेलं, तर त्यांनी आधी चालवून, वाकवून, पाय उचलायला लावून बघणं, लगेच एमआरआय न सांगणं आणि ‘हिंडतेफिरते राहा’ म्हणणं यात हयगय काही नाही. मार, ताप, जुना कॅन्सर असं काही असेल तर ते न विचारताही सांगावं. मात्र पायातली ताकद जात असेल, लघवी अडत असेल किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला असेल, तर पट्टा, मालिश, लेप सारं बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठा.