वाटेवरील दगडी क्रूस

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपण आपल्या मंदिराचा इतिहास स्मरतों. परंतु ख्रिस्ती गांवाचा इतिहास पुष्कळदां वाटेवरील दगडी क्रूसावरही कोरलेला असतो. याचीं जुनीं उदाहरणें वसई व साष्टींत आहेत. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस मिळाली. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं ती जिंकली. राज्य पालटलें, पण गांवकऱ्यांची श्रद्धा ढळली नाहीं. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां भाविकांनीं ठिकठिकाणीं क्रूस उभारिले आणि त्यांच्या पायथ्याशीं जपमाळेची प्रार्थना करून देवाची करुणा भाकिली.

अशा क्रूसांच्या चौथऱ्यावर बहुधा साल व उभारणाऱ्याचें नांव असतें. मात्र चुन्याचा वा तैलरंगाचा थर भक्तीनेंच चढविला जातो व अक्षरें लुप्त होतात. सार्वजनिक जागेंतील जुन्या धर्मस्थळांचा विचार प्रत्येक प्रकरणीं स्वतंत्रपणें व्हावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं सांगितलें. अशा वेळीं कोरीव सालाहून बोलका साक्षीदार कोणता?

आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील खेड्यांत कॅथलिक मिशन एकोणिसाव्या शतकांत आलें. हरेगांवची मतमाउलीची यात्रा १९४९ सालापासूनची. आपल्या खुणा अलीकडच्या आहेत, हें भाग्यच. त्यांतील कित्येक कोणीं व कशासाठीं उभारिल्या, हें वडीलधाऱ्यांस अजून विचारतां येतें. म्हणून प्रत्येक क्रूसावरील अक्षरें उतरून घेऊन धर्मग्रामाच्या वहींत नोंदवावीं. रंग अवश्य द्यावा, पण अक्षरें मोकळीं ठेवावीं. पूर्वजांच्या श्रद्धेचें ऋण असेंच फिटेल.