टेबलावरचा जॅकपॉट: सेल्सच्या मंडळींसाठी थोडा इतिहास

आमच्या धंद्यात एक काम कुणालाच चुकत नाही. प्रॉडक्ट तयार झालं की ते सेल्सच्या मंडळींना समजावून सांगायचं. त्यांचा प्रश्नही ठरलेला असतो: "ते सगळं ठीक आहे हो, पण गिऱ्हाइकाला एका वाक्यात काय सांगू?" आज ज्या प्रॉडक्टबद्दल लिहितोय त्यात हे एक वाक्य फार सोपं आहे, आणि तिथेच सगळी गोम आहे. प्रॉडक्ट म्हणजे कॅसिनोतल्या पत्त्यांच्या टेबलावरच्या साइड बेट, बोनस आणि जॅकपॉट. वाक्य असं: "फक्त एक डॉलर जास्त लावा, लाख मिळतील."

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. टेबलावरचे हे नवे खेळ कॅसिनोवाले बहुतेक वेळा स्वतः बनवत नाहीत. ते बनवणाऱ्या वेगळ्या कंपन्या असतात. त्या पेटंट घेतात आणि खेळ भाड्याने देतात, अमुक टेबलं, महिन्याला अमुक रक्कम. आपल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्ससारखंच. त्यामुळे इथे विक्री दोनदा होते. एकदा कंपनीचा सेल्समन कॅसिनोच्या मॅनेजरला विकतो, आणि मग टेबलावरचा डीलर खेळणाऱ्याला विकतो.

प्रत्येक साइड बेटमागे तीन आकडे असतात. पहिला, सगळ्यात मोठं बक्षीस किती. दुसरा, काही ना काही मिळण्याची वेळ किती डावांनी येते. तिसरा, लावलेल्या पैशातून सरासरीने कॅसिनोकडे किती राहतं. या तिसऱ्याला तिकडे 'हाऊस एज' म्हणतात. आपल्याकडे जुगाराच्या अड्ड्याचा मालक डावामागे जी 'नाल' काढतो, तिचाच हा सुटाबुटातला भाऊ. फरक इतकाच की नाल डोळ्यांदेखत काढली जाते, हाऊस एज बक्षिसांच्या तक्त्यात मुरलेला असतो. खेळणाऱ्याला पहिला आकडा दिसतो, दुसरा जाणवतो, तिसरा कळतच नाही. साइड बेटचा इतिहास हा या तिसऱ्या आकड्याचा इतिहास आहे.

सुरुवात ब्लॅकजॅकपासून करू. डीलरचा उघडा पत्ता एक्का असला की तो विचारतो, "इन्शुरन्स?" म्हणजे डीलरचा झाकलेला पत्ता दहा किमतीचा निघून त्याचं ब्लॅकजॅक झालं, तर तुम्हाला दुप्पट. नाव किती सोज्वळ आहे बघा. विमा कोण नाकारेल? पण हिशेब मांडला तर सहा कॅटांच्या खेळात एक्का बाजूला काढल्यावर ३११ पत्ते उरतात, त्यात दहाच्या किमतीचे ९६. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरातले सुमारे ७ रुपये ४० पैसे कॅसिनोचे. मूळ ब्लॅकजॅक नीट खेळलं तर हेच प्रमाण नियमांनुसार एक टक्क्याच्याही खाली असू शकतं. मुख्य खेळ स्वस्त आणि जोडीला दिलेली वस्तू महाग, ही युक्ती इथूनच दिसते. (नावावरून आपल्याकडच्या काही विमा पॉलिसी आठवल्या असतील तर तो योगायोग समजावा. :-))

मुख्य खेळ किती स्वस्त आहे हे जगाला कळलं ते १९६२ मध्ये. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने एमआयटीत असताना आयबीएम ७०४ संगणकावर ब्लॅकजॅकचा हिशेब मांडला होता. त्याचं 'बीट द डीलर' हे पुस्तक त्या वर्षी आलं. गेलेले पत्ते लक्षात ठेवले तर कॅसिनोवर मात करता येते हे त्यात आकड्यांनिशी दाखवलं होतं. कॅसिनोंच्या दृष्टीने टेबल ही आता थोडी धोक्याची जागा झाली.

दुसरा धक्का घरातूनच बसला. १९८० च्या दशकात नेवाडात स्लॉट मशीनची कमाई टेबलांच्या पुढे गेली. १९८६ मध्ये आयजीटी कंपनीने 'मेगाबक्स' आणलं. राज्यभरातली मशीनं एकमेकांना जोडलेली, सगळ्यांचा मिळून एक जॅकपॉट, आणि तो सतत वाढताना दिसणार. २००३ मध्ये लास व्हेगासच्या एक्सकॅलिबर कॅसिनोत याच मेगाबक्सचा ३ कोटी ९७ लाख डॉलरचा जॅकपॉट लागला. जिंकणारा होता लॉस एंजेलिसचा पंचविशीतला एक सॉफ्टवेअर इंजिनियर! (बातमी वाचून तेव्हा किती जणांनी मनातल्या मनात राजीनामा लिहिला असेल कोण जाणे.)

आता टेबलवाल्यांची अडचण लक्षात घ्या. मशीनला पगार नाही, रजा नाही. टेबलाला डीलर लागतो, सुपरवायझर लागतो. त्यात शंभर रुपये लावणाऱ्याला फार तर शंभर-दीडशे मिळणार. आयुष्य बदलेल असं टेबलावर काहीच नव्हतं. मग मशीनचा जॅकपॉटच टेबलावर आणला तर?

हे जमलं कॅरिबियन स्टडमध्ये. डेव्हिड स्क्लान्स्की या पोकरवरच्या नामवंत लेखकाचं म्हणणं असं की या खेळाचं मूळ रूप त्याने १९८२ मध्ये तयार केलं होतं, पण पेटंट काही मिळालं नाही. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीला अरुबा बेटावर (हे खरंखुरं बेट, पैजेचं नव्हे) तो नव्या नावाने अवतरला. तिथून क्रूझ जहाजांवर आणि मग अमेरिकेत. खेळ साधा: तुम्हाला पाच पत्ते, डीलरला पाच. नवीन होतं ते टेबलातलं एक छोटंसं भोक. त्यात एक डॉलरचं नाणं किंवा चिप टाकली की दिवा लागायचा आणि तुम्ही जॅकपॉटमध्ये सामील. टेबलाच्या वर विजेरी फलकावर जॅकपॉटचा आकडा, दर डॉलरबरोबर पुढे सरकणारा.

मॅनेजरला हे विकणं एकदम सोपं. जॅकपॉटचे पैसे कॅसिनोच्या खिशातून जात नाहीत. भोकात पडणाऱ्या प्रत्येक डॉलरचा ठरावीक वाटा फलकावर चढतो. म्हणजे खेळणाऱ्यांचेच पैसे गोळा करायचे, त्यातून आपला वाटा काढायचा आणि उरलेले कधीतरी त्यांच्यातल्याच एकाला द्यायचे. आपली भिशीच की. फक्त भिशीत प्रत्येकाचा नंबर नक्की लागतो, इथे तशी काही हमी नाही.

आता खेळणाऱ्याच्या बाजूने बघू. त्या काळचा एक रूढ तक्ता असा: फ्लशला ५० डॉलर, फुल हाऊसला १००, चार सारख्या पत्त्यांना ५००, स्ट्रेट फ्लशला जॅकपॉटचे १० टक्के आणि रॉयल फ्लशला पूर्ण जॅकपॉट. ५२ पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होतात. त्यात रॉयल फ्लश फक्त ४. म्हणजे साडेसहा लाख डावांत सरासरी एकदा. तासाला ५० डाव धरले आणि रोज आठ तास बसलात, तर साधारण साडेचार वर्षं. काहीतरी मिळण्याची पाळी येते सुमारे २७३ डावांत एकदा.

फलकावर एक लाख डॉलर दिसत असताना या एका डॉलरमधले सरासरी ६५ सेंट परत येतात, ३५ जातात. मुख्य खेळात पाच डॉलरच्या सुरुवातीच्या पैजेवर नीट खेळणाऱ्याचे सरासरी २६ सेंट जातात. पुन्हा वाचा. पाच डॉलरच्या मुख्य पैजेपेक्षा 'फक्त एक डॉलर जास्त' महाग पडतो! डॉलर वेगळा बरोबरीत सुटायला जॅकपॉट २ लाख १८ हजारांच्या वर जावा लागतो, आणि मुख्य खेळातलं नुकसान भरून काढायचं तर तीन लाखांच्या पुढे.

जॉन ब्रीडिंगची कथा आणखी मजेदार. हे गृहस्थ पूर्वी ट्रक चालवायचे. त्यांनी पत्ते पिसणारं यंत्र बनवलं आणि 'शफल मास्टर' कंपनी काढली. यंत्राला पुरेसं गिऱ्हाईक मिळेना. मग त्यांनी १९९३ मध्ये 'लेट इट राइड' नावाचा खेळच तयार केला, ज्यात दर डावाला पत्ते पिसावे लागतात. हार्डवेअर खपावं म्हणून सॉफ्टवेअर लिहिल्यासारखं! त्यातही एक डॉलरचा बोनस होताच.

या कहाणीतला मला सगळ्यात आवडणारा माणूस मात्र डेरेक वेब. हा इंग्लंडचा पोकर खेळाडू. १९९४ मध्ये त्याने 'थ्री कार्ड पोकर' तयार केला. याचं मूळ इंग्रजांच्या 'ब्रॅग'मध्ये, आणि ब्रॅग म्हणजे आपल्या तीन पत्तीचा भाऊच. दिवाळीत फ्लश खेळणाऱ्यांना यातलं बहुतेक आपोआप कळेल. एक फरक आहे. आपल्याकडे तीन एक्के किंवा तीन राजे, म्हणजे ट्रेल, सगळ्यात वर. पण मोजून बघा: २२,१०० शक्य हातांत ट्रेल ५२ आहेत आणि एकाच रंगाची सिक्वेन्स ४८. म्हणजे जास्त दुर्मीळ प्युअर सिक्वेन्स. वेबच्या खेळात तीच वर आहे.

या खेळात 'पेअर प्लस' नावाची वेगळी पैज असते. डीलरकडे काय आलं याच्याशी देणंघेणं नाही, तुमच्याकडे जोडी किंवा तिच्या वरचं काही आलं की पैसे. मूळ तक्ता: प्युअर सिक्वेन्सला ४० पट, ट्रेलला ३०, साध्या सिक्वेन्सला ६, कलरला ४, जोडीला १. सगळे २२,१०० हात एकेकदा आले आणि दरवेळी एक रुपया लावला असं समजा:

प्युअर सिक्वेन्स ४८ वेळा: १,९२० रुपये
ट्रेल ५२ वेळा: १,५६० रुपये
सिक्वेन्स ७२० वेळा: ४,३२० रुपये
कलर १,०९६ वेळा: ४,३८४ रुपये
जोडी ३,७४४ वेळा: ३,७४४ रुपये

एकूण जिंकलेले १५,९२८. उरलेल्या १६,४४० हातांत रुपया गेला. फरक ५१२ रुपये, म्हणजे २.३ टक्के. साइड बेटच्या मानाने हा भाव फारच सरळ आहे.

पुढे बऱ्याच कॅसिनोंत एक छोटा बदल झाला. कलरला ४ ऐवजी ३. बस्स. आता जिंकलेले होतात १४,८३२ आणि फरक १,६०८, म्हणजे ७.३ टक्के. एक आकडा एकाने कमी केला आणि किंमत तिपटीच्या वर गेली. खेळणारा पूर्वीइतक्याच वेळा जिंकतो, दर चार डावांत साधारण एकदा. वरची बक्षिसंही तीच. टेबलावर काही बदललंय असं त्याला वाटणार कसं? बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच ठेवून आतली दोन बिस्किटं कमी करतात ना, तसं.

वेबने १९९९ मध्ये अमेरिकेतले हक्क शफल मास्टरला विकले आणि २०११ मध्ये उरलेले गॅलेक्सी गेमिंगला. मग त्याने काय करावं? ब्रिटनच्या गल्लोगल्ली असलेल्या पैजेच्या दुकानांतल्या रूलेट मशीनविरुद्ध मोहीम उभारली, स्वतःचे पैसे घालून. त्या मशीनवर दर २० सेकंदांना १०० पौंडांपर्यंत लावता येत. तासाला १८० वेळा! बाकीच्यांनीही आवाज उठवला, आणि १ एप्रिल २०१९ पासून ही मर्यादा २ पौंडांवर आली. कुणी म्हणेल, जुगाराचे खेळ विकून श्रीमंत झालेल्याने हे बोलावं? मला यात विसंगती दिसत नाही. वेग आणि भाव एकत्र आले की काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

हे सगळं आपल्याला कशाला, असं विचाराल. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. पण गोव्याने आपल्या १९७६ च्याच कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलांच्या खेळांना वाट करून दिली. आज पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतले ग्रुप गोव्याला गेले की मांडवीतल्या कॅसिनोत एक चक्कर होतेच. तिथे 'इंडियन फ्लश' या नावाने आपली तीन पत्तीही टेबलावर बसलेली असते. खेळ ओळखीचा वाटतो, म्हणून तक्ता वाचायची तसदी कोण घेणार?

तर सेल्सच्या मंडळींना मी काय सांगेन? खेळाचे नियम सांगायला पाच मिनिटं पुरतात. मोठं बक्षीस सांगा, ते खरंच आहे. किती वेळा लागतं तेही सांगा. पण तिसरा आकडा पाठ असल्याशिवाय मीटिंगला जाऊ नका. मॅनेजर तो विचारतोच, त्याचा पगार त्यावर चालतो. खेळणारा विचारत नाही, कारण असा आकडा असतो हेच त्याला ठाऊक नसतं. आणि पैसे शेवटी त्याच्याच खिशातून जातात. ज्याला भाव विचारता येत नाही त्याला भाव आपणहून सांगणं, हा विक्रीतला साधा सभ्यपणा आहे. 'फक्त एक डॉलर'ऐवजी 'या डॉलरमधले सरासरी पस्तीस सेंट आमचे' असं म्हणून बघा. तरीही काही जण लावतील, हौसेला मोल नसतं. पण मग ती हौस त्यांनी भाव माहीत असताना केलेली असेल.

असो. पुढच्या वेळी गोव्याला जाल तेव्हा टेबलावरचा तक्ता आधी वाचा. कलरला ३ आहे की ४, एवढं बघितलंत तरी पुष्कळ.