ढिल्या स्क्रूची गोष्ट

मंडळी, 'स्क्रू ढिला' म्हटलं की आपलं बोट आपोआप डोक्याकडे जातं. आज बोलायचंय ते मात्र खऱ्याखुऱ्या स्क्रूबद्दल. भिंतीतल्या सॉकेटच्या मागे वायर आवळून धरणाऱ्या.

१९६०च्या दशकाच्या मध्यात तांब्याचे भाव भडकले आणि अमेरिकेत घराघरांतून ॲल्युमिनियमच्या वायरी ओढल्या जाऊ लागल्या. १९६५ ते १९७३ या काळात अशी सुमारे २० लाख घरं झाली. कागदावर हिशोब चोख होता. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही ना? मग वायर थोडी जाड घ्या, झालं!

गोची झाली ती टोकाला. सॉकेटचे स्क्रू टर्मिनल तेच राहिले, तांब्याच्या वायरीसाठी बनवलेले. त्यात काटकसर म्हणून बऱ्याच ठिकाणी पितळी स्क्रू जाऊन पोलादी आले. आता गंमत बघा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हीटर लावला की वायर फुगते, स्क्रू काही जागा देत नाही, मग हा मऊ धातू चेपला जातो. हीटर बंद केला की वायर आकसते आणि पकड सैल होते. फटीत हवा शिरते, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, आणि तो वीज वाहू देत नाही. रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की पकड आणखी सैल. चक्क इन्फिनिट लूप! आणि फ्यूज उडत नाही, कारण करंट नेहमीइतकाच असतो. मला सगळ्यात भयानक वाटतं ते हे. जोड जळतोय, पण सिस्टीमच्या लेखी सगळं आलबेल.

२८ एप्रिल १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेज इथे एका घराला आग लागून दोन माणसं गेली. कारण निघालं सॉकेटमधला ॲल्युमिनियम वायरीचा सदोष जोड. पुढे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगासाठी झालेल्या पाहणीचा आकडा तर हादरवणारा आहे. १९७२ पूर्वी ॲल्युमिनियमचं वायरिंग झालेल्या घरांत एखादा जोड आगीच्या धोक्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट!

यात स्क्रूला शिव्या घालणं मला पटत नाही. वायर एकाची, सॉकेट दुसऱ्याचं, मधला जोड कुणाचाच नाही. (आपणही डेडलाइन आली की आधी इंटिग्रेशन टेस्टिंगच कापतो, नाही का?)

बरं, या आयोगाने २०११च्या पुस्तिकेत सुचवलेल्या दुरुस्त्यांपैकी एक म्हणजे 'ॲल्युमिकॉन' कनेक्टर. त्यातही वायर धरतो तो स्क्रूच! फक्त तांबं आणि ॲल्युमिनियम वेगवेगळ्या भोकांत, एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. आणि स्क्रू 'हाताला लागेल तेवढा' आवळायचा नाही, तर टॉर्क मोजणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने, ठरवून दिलाय तेवढाच.