शीड आणि तार

लाइफलाइन म्हटलं की आपल्याला केबीसी आठवतं. शर्यतीच्या शिडाच्या बोटीवर मात्र लाइफलाइन म्हणजे डेकच्या कडेनं, छोट्या खांबांमधून ओवलेल्या तारा. माणूस पाण्यात पडू नये म्हणून. समुद्रातल्या शर्यतींच्या नियमांप्रमाणे मोठ्या बोटींवर वरची तार डेकपासून निदान ६०० मिलिमीटर उंच लागते, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर. या तारेचं आणि पुढच्या मोठ्या शिडाचं कधी पटलं नाही. गंमत म्हणजे हे शीड एवढं मोठं झालं ते वाऱ्यापेक्षा मोजपट्टीमुळे!

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वेन सालेन नावाचा स्वीडिश जहाजमालक इटलीत जेनोआला शर्यतीसाठी गेला. (यानंच पुढे १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं, बायको डागमारही त्याच बोटीवर होती.) त्याच्या बोटीचं पुढचं शीड डोलकाठीच्या मागे पोचत होतं. त्या वर्गाच्या नियमात पुढचं कापड मोजतच नसत. डोलकाठी, डेक आणि पुढची तिरपी तार यांच्यातला त्रिकोण मोजत. त्रिकोणाबाहेरचं कापड फुकट! शिडाला गावाचंच नाव पडलं, जेनोआ. १९७० च्या सुमारास आलेल्या आयओआर नियमानं तर त्रिकोणाच्या पायाच्या दीडपटीपर्यंत ही फुकटेगिरी मान्यच केली.

सालेनच्या वर्गातल्या बोटींना कडेच्या तारा नसत. भांडण लागलं ते असं शीड घेऊन तारा लावलेल्या बोटी खुल्या समुद्रात गेल्या तेव्हा.

जेनोआची खालची कड डेकला टेकलेली हवी, नाहीतर खालून वारा निसटतो. पण बोट वळली की शीड डोलकाठीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जातं, आणि कड नेमकी तारेच्या बाहेर अडकते. मग "स्कर्ट!" अशी आरोळी. एकानं धावत जायचं आणि कड उचलून तारेच्या आत घ्यायची. विंचवाल्यानं तेवढा वेळ दोर आवळायचा थांबायचा. आता हा माणूस कुठे असतो बघा: कललेल्या बोटीच्या खालच्या बाजूला, डेकवरून पाणी वाहतंय, दोन्ही हात कापडात, आणि ज्या तारेनं त्याला वाचवायचं तिच्यावरूनच ओणवा.

क्रूझिंगवाले शहाणे. ते कडच वर कापून घेतात. वेग थोडा जातो, समोरचंही दिसतं. शर्यतवाल्यांना तार सैल सोडायचा मोह होतो, म्हणून ती किती खचावी याचंही माप ठरलेलं आहे. वरच्या तारेला मधोमध ठरावीक भार दिला तर ५० मिलिमीटर, त्याहून जास्त नाही.

पुढे खरं क्षेत्रफळ मोजणारे नियम आले आणि नव्या बोटींची पुढची शिडं डोलकाठीपाशीच थांबू लागली. ओणव्या माणसाची दया येऊन नव्हे, फुकट कापड संपलं म्हणून. १९७० च्या दशकातल्या जे-२४ बोटींवर जेनोआ अजून आहे, आणि ती आरोळीही.